सुधारलेली वाडी

भाग्यश्रीने टॅबवर नऊ नावांसमोर नऊ वेळा बोट दाबलं आणि मुरबाडच्या डोंगराखालच्या त्या ठाकूरवाडीतल्या बायकांचं रक्त एका दुपारी वाढलं. अशी किमया डॉक्टरलाही जमत नाही. सापगावच्या बारावी झालेल्या पोरीला जमली.

ती एका संस्थेत कामाला होती. रक्त कमी असलेल्या चोवीस बायकांचा गट तिच्याकडे. दर चार महिन्यांनी प्रत्येकीच्या बोटाला सुई टोचायची, छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा बघायचा आणि टॅबमध्ये भरायचा. टॅब सगळ्यांची सरासरी काढायचा. साडेदहाच्या खाली असली तर गटाचा रिपोर्ट लाल, वर गेली तर हिरवा. या गटासाठी म्हणून वाडीत लोहाच्या गोळ्या आणि नाचणीच्या लाडवांचे डबे यायचे. बायकांच्या हातात लाडू दिला की तो पोरांच्या पोटात जायचा, म्हणून भाग्यश्री त्यांना समोर बसवायची. "माझ्या डोळ्यांदेखत खा गो," म्हणायची.

त्यात जना नावाची एक होती, हाडाची काडं झालेली, पण तोंडाने तिखट. लाडू चावता चावता म्हणायची, "बाय, तुझ्यासारखी सासू मिळाली असती तं मी आज पाटलीण दिसले असते." भाग्यश्रीचा तिच्यावर जीव होता. जनाचा आकडा गटात सगळ्यात खाली, सहा पूर्णांक आठ.

दिवाळीच्या तोंडावर दुसरी तपासणी झाली आणि सरासरी वाढायच्या ऐवजी घसरली. नऊवरून आठ पूर्णांक आठ. घसरणारच. भातकापणीत बायका दिवसभर वाकलेल्या, गोळी कोण आठवणीने घेतंय? पण हे टॅबला कोण सांगणार? मितेश सर तिचे साहेब, कल्याणला बसायचे. त्यांचा फोन आला. "भाग्यश्री, असा रिपोर्ट मी वर दाखवू? आणखी एकदा लाल आला तर गट बंद. लाडू दुसरीकडे जातील, मग मला सांगू नकोस."

लाडू बंद झाले तर जनासारखीने खायचं काय? खोटं कशाला बोला, स्वतःच्या नोकरीचंही भय होतं. भाग्यश्री यादी घेऊन बसली आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. भाऊबीज झाली की वाडीतली नऊ घरं वाशिंदच्या पुढे वीटभट्टीवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांच्या घरात काही नाही तीच जातात, आणि त्यांच्याच बायकांचे आकडे तळाला. मागे राहणाऱ्या पंधराजणींची सरासरी काढली तर पावणेदहा.

मग काय, पुढची तपासणी तिने पौषातली म्हशाची जत्रा उरकल्यावर घेतली. वाडी निम्मी रिकामी. गैरहजर बाईच्या नावासमोर टॅब विचारतो, 'पुन्हा भेट' की 'वगळा'. पुन्हा भेट म्हणजे भट्टीवर जायचं, सुई टोचायची, खरा आकडा आणायचा. एसटी आणि जीप धरून दीड तासाची वाट. भाग्यश्रीने नऊच्या नऊ वगळल्या. जनाचं नाव आलं तेव्हा ती जराशी थांबली, मग म्हणाली, "तुझ्यासाठीच करतेय गो बाई," आणि बोट दाबलं. सरासरी आली दहा पूर्णांक सहा.

मितेश सरांनी ग्रुपवर टाळ्या टाकल्या. पुढच्या महिन्यात लाडवांचे डबे आले नाहीत. तिने फोन केला, तर सर खुशीत होते. "अगं, वाडी सुधारली ना. हिरवा गट आपण बंद करतो. आता पुढच्या वाडीला द्यायचं."

लाल झाला तर काय होतं हे तिला चारदा ऐकवलं होतं. हिरवा झाला तर काय होतं हे कुणी सांगितलं नाही, आणि या शहाणीनेही विचारलं नाही.

शिमगा झाला आणि जना एकटीच भट्टीवरून परत आली. सातवा महिना, पायांना सूज, ओठ पांढरे. भाग्यश्रीने तिला आपल्या हाताने ओट्यावर बसवलं आणि सुई टोचली. सहा पूर्णांक एक. टॅब उघडला तर त्यात वाडीचं नावच नव्हतं. तिने तिथूनच मितेश सरांना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं, नऊ नावं वगळली तेही.

सर म्हणाले, "रिपोर्ट वर गेलाय, आता कुणाला सांगत बसू नकोस. तिला सरकारी दवाखान्यात ने. आणि नव्या वाडीची पहिली सरासरी आठच्या खाली आहे, छान आहे. तिथं वाढ चांगली दिसेल."

छान आहे म्हणे. भाग्यश्रीला फोन डोंगरात भिरकावून द्यावासा वाटला.

"काय म्हणला तुझा साहेब?" जनाने विचारलं.

"वाडी सुधारली म्हणतो. लाडू बंद झाले."

"मी तं नाय सुधारले."

"तुझं नाव त्यात नव्हतं. मी वगळलं. तुम्हा नऊजणींचं."

जनाने सुई टोचलेलं बोट पदरात दाबून धरलं. रागावली असती, शिवी दिली असती तर भाग्यश्रीला बरं वाटलं असतं. "निरोप धाडायचास," जना म्हणाली. "बोट टोचायला मी आले असते गो. एका दिसानं काय व्हतं?"

भाग्यश्रीला रडू फुटलं. "चल आता. जीप मिळेल. तुला रक्त चढवायला लागेल."

जना भिंतीला धरून उठली. दोन पावलं टाकून धापा टाकत थांबली.

"चलते. पण आठजणी अजून यायच्यात. आल्या की पयल्या लाडवालाच येतील. त्यांना तू सांग. मला नाय सांगता यायचं."