डाव्या तळहातावरचं घर

हेडसेटच्या काळ्या पट्ट्यात अडकलेला तिचा एक लांब केस.

बसच्या जमिनीवर सांडलेले फुटाणे — ब्रेक लागला की सगळे पुढं, बस सुटली की सगळे मागं.

आप्पा पूजेला बसले की दूध उतू गेलं तरी घरात कोणी त्यांना हाक मारत नसे.

"ताई, सैल होतंय काय?" — बसवेशचे दोन्ही हात, तिच्या कानांमागं.

प्रभुलिंग त्या केसाकडे बघत होता. शाहूपुरीतलं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान दुपारीच बंद करून तो बायकोबरोबर कसबा बावड्याला निघाला होता. तिथल्या नव्या इमारतीतल्या घराला हो म्हणायचं की नाही, एवढंच आज सांगायचं होतं. बिल्डरच्या ऑफिसातल्या बसवेशनं परवा पवित्राच्या डोळ्यांवर हा आभासी घर दाखवणारा हेडसेट चढवला — घरी न्या ताई, तुमचं घर तुम्हीच मांडून बघा — आणि तेव्हापासून ती मांडतेच आहे, भाकरी झाल्या की, भांडी झाली की, आणि आता चालत्या बसमध्येसुद्धा... डोळे झाकलेले, ओठ तेवढे उघडे, आणि त्या ओठांवर एक हसू. ओळखीचं नसलेलं. की होतं ओळखीचं... पन्हाळ्याला, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात? कोणाकडे बघून हसते ही? आत नुसत्या भिंती आहेत म्हणे. भिंतींकडे बघून कोणी असं हसतं?

"पावणं," पलीकडच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "बायकूच्या डोळ्याचं आपरेशन झालंय व्हय?"

"न्हाय ओ. घर बघतीया."

"बसमधी?" म्हातारीनं खिडकीबाहेर वाकून पाहिलं. "आमाला कुठं दिसंना ते."

तेवढ्यात पवित्रानं डावा हात छातीसमोर धरला. तळहात वर, मान किंचित झुकलेली. बस हलत होती, हात हलत नव्हता. आप्पा, त्याचे वडील, पूजेत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन असेच बसायचे. हेडसेटमधली सामानाची यादी तळहातावर उघडते, हे तिनंच त्याला काल सांगितलं होतं. माहीत होतं त्याला, पक्कं माहीत होतं. बावड्याचा थांबा आला. कंडक्टर ओरडला. माणसं उतरली. 'चल' हा शब्द प्रभुलिंगच्या जिभेवर आला आणि तिथंच बसून राहिला — पूजेतल्या माणसाला हाक मारत नाहीत — पण नुसतं तेवढंच होतं का ते... राहू दे. बसू दे त्या बसवेशला वाट बघत.

बस सुटल्यावर पवित्रानं हेडसेट वर सरकवला.

"अहो! थांबा गेला की! हाक मारायची न्हाय?"

"तू हात असा धरलावतास..."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग खदखदून हसली. "शिवा शिवा! पडदे निवडत हुते मी. आता जावा पुढं साखर कारखान्यापर्यंत. घ्या, तवर तुम्ही तरी बघा."

त्यानं हेडसेट चढवला. आतली गादी तिच्या घामानं ओलसर, ऊन. समोर घर. बस वळली की सगळं घर एका बाजूला घसरायचं. बसवेश नव्हता. कोणीच नव्हतं. त्याला बरं वाटायला हवं होतं. भिंतीला मोठा सोफा, आणि खिडकीशी, दाराकडे पाठ करून, एक लाकडी खुर्ची.

"एकच खुर्ची?" त्याचा आवाज नको इतका मोठा आला.

"व्हय. माझी हाय."

"आणि मी?"

"तुम्हाला सोफा हाय की, ऐसपैस. खुर्ची तेवढी माझी. तिथं बसल्यावर मला कुणी हाक मारायची न्हाय."

माणसाचा हेवा करता येतो. त्याची वाट चुकवता येते, थांबा चुकवता येतो. लाकडाचं काय करायचं? प्रभुलिंगनं डावा तळहात वर केला. यादी उघडली: खुर्च्याच खुर्च्या. एक उचलून तिच्या शेजारी ठेवायची, एवढंच. बोट पुढं जाईना. घराला हो म्हटलं तर ती तिथं जाऊन बसणार, आणि नाही म्हटलं तरी... ती तिथं कधीचीच बसली होती. तो हात तसाच धरून राहिला. शेजारून पवित्रानं त्याला हाक मारली नाही.

लग्नात पवित्राच्या माहेरून चार खुर्च्या आल्या होत्या. आठवड्याच्या आत त्या चारही शाहूपुरीच्या दुकानात गेल्या, गिऱ्हाइकांना बसायला.