मेणावरचं कुंकू

लातूरच्या त्या चर्चमध्ये पाळकसाहेब दर चार-पाच वर्षांनी बदलायचे, पण दारातल्या मंजुषाबाई काही बदलल्या नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, महिला मंडळाच्या चिटणीस, आणि रविवारी सकाळी नवाच्या ठोक्याला चर्चच्या दारात उजव्या अंगाला उभ्या. स्वर्गाच्या दाराची किल्लीही यांच्याच पर्समध्ये असेल, असं एखाद्याला वाटावं. चपला रांगेत, मोबाईल बंद, बायकांच्या डोक्यावर पदर नाहीतर ओढणी, पोरांच्या गुडघ्यावर फाटलेल्या पँटी नकोत, प्रार्थना चालू असताना उठबस नको, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला, पांढरे कपडे. हे सगळं त्यांनी वळणदार अक्षरात लिहून काढलं होतं आणि ती पाटी दाराशी टांगली होती. लोक कुरकुरायचे, पण माघारी. तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. माहेरी, लोह्याला, त्यांच्या आईकडे दोनच लुगडी होती आणि त्यातलं बरं ते रविवारचं. आई ते शनिवारी धुवायची आणि तांब्यात निखारे घालून त्यावर फिरवायची. देवाच्या भेटीला जायचं तर माणसानं नीटनेटकं जावं, असं तिचं म्हणणं. मंजुषाबाईही तेच म्हणायच्या. फरक एवढाच की आई आपल्या लुगड्यापुरतं म्हणायची.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी, घंटा होऊन गेल्यावर, एक बाई आवारात आली. पन्नाशी ओलांडलेली, अंगावर हिरवं इरकली लुगडं, हातात दवाखान्यातल्या औषधांची पिशवी. चपला तिनं पार रस्त्यावरच्या फाटकाशी काढल्या होत्या आणि डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. नाव विचारलं तर गुरम्मा म्हणाली. गाव देवणीकडं. नवऱ्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, बारा दिवस मोठ्या दवाखान्यात पडून होता. वॉर्डातली सुकन्या सिस्टर म्हणाली होती की आमच्याकडं या, सगळे मिळून प्रार्थना करू. म्हणून आली होती.

मंजुषाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरी साडी नव्हती, पण परगावची बाई, दवाखान्यातून आलेली. त्यांनी ती सूट मनातल्या मनात देऊन टाकली, आणि आपण किती मोठ्या मनाच्या आहोत हेही त्यांना जाणवून गेलं. पण कपाळावरचं कुंकू काही नजरेआड होईना. रुपयाएवढं, लालभडक, मेण लावून त्यावर बसवलेलं. इथल्या बायका कुंकू लावत नसत. आजवर ते लावून कुणी आलंच नव्हतं, म्हणून पाटीवर त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

"मावशी, आत यायचं तर कपाळ पुसून यावं लागतं," मंजुषाबाई म्हणाल्या.

गुरम्माचा हात कपाळाकडं गेला. "धनी दवाखान्यात हाय ओ ताई," ती म्हणाली. भांडायला नव्हे, नुसतं सांगायला, जणू समोरच्या बाईला तेवढं पुरेल.

मंजुषाबाईंना ते कळायला हवं होतं. आपल्याकडं बाईचं कुंकू कधी पुसतात हे कळायला कुंकू लावावंच लागतं असं थोडंच आहे? पण आत पहिलं गीत सुरू झालं होतं, मागं दोन कुटुंबं खोळंबली होती, आणि नियमाला एकदा अपवाद केला की नियमाचं काय होतं हे वीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या की नवऱ्यासाठीच आलात ना, मग देश तसा वेश, बाहेर गेल्यावर परत लावा.

गुरम्मानं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. मेणावरचं ते, निघालं कसलं? भुवयांपर्यंत लाल फराटा ओढला गेला. तो मंजुषाबाईंना बघवेना. त्यांनी पर्समधला रुमाल बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, एक हात गुरम्माच्या डोक्यामागं लावला, आणि शाळेत पोरांची शेंबडी नाकं पुसावीत तसं ते कपाळ खसखसून स्वच्छ केलं. गुरम्मानं डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडं पडलेलं ते कपाळ मंजुषाबाईंना एकदम म्हातारं दिसलं. पण तेवढ्यात दुसरं कडवं सुरू झालं.

प्रार्थनेच्या वेळी सुकन्यानं उभं राहून शिवमूर्ती नावाच्या रुग्णासाठी विनंती मांडली. पाळकसाहेबांनी मनापासून प्रार्थना केली, आणि सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणाल्या त्या मंजुषाबाईच. मागं सतरंजीवर गुरम्मा रडत होती. हिच्या हृदयाला स्पर्श झाला, असं त्यांना वाटलं आणि बरंही वाटलं. उपासना संपल्यावर त्यांनी स्वतः तिला चहा दिला. ती चहा फुंकून फुंकून घाईनं प्याली, नवऱ्याच्या जेवणाची वेळ झाली म्हणाली आणि गेली.

बुधवारी महिला मंडळ मंजुषाबाईंच्या घरी जमलं. सगळ्या बायका गेल्या तरी सुकन्या रेंगाळली. मंजुषाबाईंचीच ती जुनी विद्यार्थिनी, त्यामुळं तोंड उघडायला तिला फार वेळ लागला. शेवटी खाली बघतच तिनं सांगितलं ते असं. रविवारी दुपारी गुरम्मा वॉर्डात आली तेव्हा शिवमूर्ती उठून बसला होता. आदल्या दिवसापासून तो पातळ खाऊ लागला होता, सुट्टीच्या गोष्टी करत होता. बायको दारात दिसली आणि त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. तो भिंतीकडं तोंड करून निजला, त्याला आज चौथा दिवस. अन्न बंद, औषध जबरदस्तीनं. त्याचा हिशोब साधा होता. डॉक्टरांनी आपली आशा सोडली, ते बायकोला सांगितलं, आणि बाहेर तिच्या गावकीनं नाहीतर नातेवाइकांनी तिचं कपाळ आधीच रितं केलं. डॉक्टरांनी दहा वेळा समजावलं. तो म्हणतो, डॉक्टर पेशंटला असंच सांगतेत.

"त्यांनी लगेच परत लावलं की नाही?" मंजुषाबाईंनी विचारलं.

लावलं होतं. त्यावर तो म्हणाला होता की आता मला दाखवायला लावून राहिली. घामानं गेलं, असं गुरम्मानं त्याला सांगितलं होतं. चर्चचं नावच काढलं नव्हतं. त्याच्यासाठी ज्यांनी प्रार्थना केली त्यांच्याबद्दल त्याच्या मनात वाईट येऊ नये म्हणून.

"मी त्यांना म्हटलं, मॅडमना सांगते," सुकन्या म्हणाली. "तर म्हणाल्या, त्या ताईचा काय दोष, त्यांच्या देवाचा कायदाच तसा असंल."

मन हा मोठा हुशार वकील असतो. मंजुषाबाईंचा वकीलही उभा राहिला. मला काय माहीत तो असा अर्थ काढील, ती नाही म्हणू शकली असती, आणि नियम मी काय माझ्या घरासाठी केले? पण गुरम्माचं ते शेवटचं वाक्य त्याच्या आड येऊन बसलं. देवाचा कायदा. देवानं कधी केला होता तो? त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं की कुंकू पुसायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मंजुषाबाईंनी फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली, तर विळीवर हात चालेना. त्यांना आपल्या हाताचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, शहाळी घेऊन, त्या भेटीच्या वेळेला दवाखान्यात गेल्या. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी पक्कं ठरवलं होतं की आपणही घामाचंच सांगायचं. बायको एक सांगते, चार माणसं तेच सांगतील, म्हातारा मानेल. सत्य सांगून तरी कुणाचं भलं होणार होतं? हे ठरल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं, आणि तेवढ्यानंच पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिवमूर्ती भिंतीकडं तोंड करून पडला होता. कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात दोऱ्याला चांदीच्या डबीतलं लिंग. गुरम्मानं स्टूल पुसून दिलं आणि नवऱ्याला म्हणाली की सिस्टरच्या वळखीच्या ताई आल्यात, शिक्षिका हायत. तिच्या कपाळावर कुंकू होतं, रविवारपेक्षाही मोठं.

तो हळूहळू वळला. "ताई, तुमी शिकल्याल्या मान्सं," तो म्हणाला. "मला एक सांगा. मेणावरचं कुंकू घामानं जातंय का? पस्तीस साल झाले, हिचं खुरपताना गेलं न्हाई, उन्हात कापूस वेचताना गेलं न्हाई. त्याच दिवशी कसं गेलं?"

त्याच्या उशामागं उभी असलेली गुरम्मा मान हलवत होती. सांगू नका, असं. सुटायची वाट तिनंच उघडून धरली होती, आणि मंजुषाबाईंना तर फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही जात, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी पुसलं. ओल्या रुमालानं, माझ्या हातानं. त्या तुमच्यासाठी प्रार्थना करायला आमच्या चर्चला आल्या होत्या. आमच्यात बायका लावत नाहीत, म्हणून मी दारात पुसलं. डॉक्टर त्यांना काहीच बोलले नव्हते."

शिवमूर्तीनं बायकोकडं पाहिलं. "खरं हाय का गं?"

गुरम्मानं मान डोलावली. मग म्हणाली, "डाक्टर तर म्हणले, खाऊ लागले की सोमवारी सुट्टी देतो."

त्यानं आडव्या हातानं डोळे झाकले. चार दिवस तो रोज थोडा थोडा मरत होता, आणि मरण तर आलंच नव्हतं. बैल कुणाकडं द्यायचा, धाकट्या लेकीच्या घरी कोण जाऊन सांगायचं, सगळं त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं. त्याचं पोट हुंदक्यांनी हलत होतं आणि टाके दुखत असल्यानं तो मधेच कण्हत होता. मंजुषाबाई स्टुलावर बसून ते बघत राहिल्या. उठून जायचा हक्कही आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि पेज मागितली. गुरम्मा वाटी घेऊन धावतच बाहेर गेली.

तो चिडेल, चार शब्द बोलेल, म्हणून मंजुषाबाई तयार होत्या. पण तो त्यांच्याकडं बघत होता तो वेगळंच काही विचारायचं असल्यासारखा.

"तुमी एवढ्या लोकांनी माज्यासाठी देवाला मागितलं," तो म्हणाला. "मला बी एकदा पाया पडाया यायचं हाय. पर ताई, हे मला काढता येणार न्हाई." त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "भस्म बी न्हाई पुसता येणार. तुमच्या दारात अडचन नको. मी भाईर रस्त्यावरूनच हात जोडतो. चालतंय का?"

तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. मंजुषाबाईंना एकदम आपले आजोबा आठवले. लोह्याजवळच्या त्यांच्या गावात आजोबांनी अर्धं आयुष्य असेच हात जोडले होते, गावच्या देवळाला, रस्त्यावरून, पायरीपासून लांब. पुढं जाऊ देत नसत. मग एके दिवशी एका साध्या पत्र्याच्या चर्चमधून कुणीतरी त्यांना आत या म्हणालं, आणि ते मळक्या धोतरानिशी आत गेले. त्या एका हाकेमुळं मंजुषाबाई शिकल्या होत्या, नोकरीला लागल्या होत्या, दारात उभ्या राहत होत्या.

"आत या," त्या म्हणाल्या. त्या स्टुलावरून पुढं झुकल्या. "काही काढू नका. आहात तसे आत या."

त्यानं मान हलवली, पण मोठ्या लोकांच्या भिडेखातर माणूस हलवतो तशी. त्याला ते कितपत पटलं, कळलं नाही.

गुरम्मा वाफाळती वाटी घेऊन आली. वाटी काठोकाठ भरली होती, पदरातूनही चटका बसत होता, म्हणून मंजुषाबाई घाईनं उठल्या आणि ती धरायला त्यांनी हात पुढं केला. तशी गुरम्मा एक पाऊल मागं सरकली, आणि तिनं मोकळ्या हाताचा तळवा चटकन कपाळावर दाबून धरला.

मग तिचं तिलाच उमगलं. ओशाळून तिनं हात खाली घेतला. "पोळंल ताई," ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मी पाजते." आणि मंजुषाबाईंना वळसा घालून ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली.