फक्त वाचण्याची परवानगी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'डेटा प्रमुख' असं छापलेलं आहे. आमच्या ऑफिसात माणसं एकूण चार, त्यात एक स्नेहा मॅडम, म्हणजे मालकीण. तेव्हा मी नक्की कुणाचा प्रमुख, हे कुणी विचारू नये. नाशिकला गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमची जाहिरात एजन्सी आहे. खाली दिवसभर दात कोरतात आणि वर मी आकडे कोरतो. चाळिशी उलटल्यावर हे काम शिकलो याचा मला फार अभिमान होता. होता, असं म्हणतोय.

आमचे एक गिऱ्हाईक म्हणजे विंचूरचे जीवनराव. त्यांच्या शेडमध्ये कांद्याची पात कापायचं यंत्र तयार होतं. मार्चात कांदा निघायला लागतो, त्याआधी शेतकऱ्यांनी यंत्राची चौकशी करावी म्हणून नोव्हेंबरपासून आम्ही मोबाइलवर जाहिरात सुरू केली होती. जाहिरातीखाली एक बटण. ते दाबलं की छोटासा फॉर्म येतो. नाव, गाव, नंबर भरायचा, मग जीवनरावांचा माणूस फोन करतो. देवळा तालुक्यातले फोन सहादूभाऊ करायचे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांना थोडा पगार, फिरायला कंपनीची मोटारसायकल आणि प्रत्येक फॉर्ममागे वीस रुपये. हे वीस रुपये लक्षात ठेवा, कारण मी ते जरा जास्तच लक्षात ठेवले.

ही जाहिरात किती जणांना दिसली, किती जणांनी बटण दाबलं, किती फॉर्म आले, याच्या फायली रोज सकाळी क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये येऊन पडत. जाहिरात दाखवणारी कंपनी त्या तिथं ठेवायची. फोल्डरची लिंक मेलवर आली तेव्हा मी सगळ्यांना बोलावून ती उघडून दाखवली. ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी स्नेहा मॅडमनी मागून येऊन पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की मी ऑफिसच्या नाही, माझ्या स्वतःच्या मेलवरून आत शिरायला बघतोय. त्या माझ्याहून तेरा वर्षांनी लहान आहेत. मी म्हटलं, मुद्दामच बघत होतो, सुरक्षा कशी आहे ते.

फोल्डर उघडलं, तर वर पट्टी: 'फक्त वाचण्याची परवानगी'. मला हे लागलं. एक रकाना पिवळा करून पाहिला, होईना. एक ओळ पुसून पाहिली, पुसेना. शेतकऱ्यांची नावं आणि नंबर तर झाकूनच ठेवलेले. दिसायचा फक्त दिवस, तालुका आणि आकडा. मी कंपनीला चांगला दीड पानी मेल लिहिला, की जाहिरातीच्या धंद्यात माझी सोळा वर्षं गेली आहेत, मला बदल करण्याचेही अधिकार मिळावेत. बंगळुरूहून एका ओळीचं उत्तर आलं, की वाचण्यासाठी एवढी परवानगी पुरेशी आहे. मग मी ठरवलं, वाचायचंच ना, असं वाचून दाखवतो की बघत राहाल.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी मला चोर सापडला.

देवळा तालुक्यातून एरवी दिवसाला तीन-चार फॉर्म यायचे. पण महिन्यातून एक दिवस असा, की एकदम चाळीस, पंचेचाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. असं चार महिने, चार वेळा. वार बघावा तर एकदा गुरुवार, एकदा शुक्रवार, एकदा रविवार, एकदा मंगळवार. पगाराचा दिवस नाही, बाजाराचा नाही, क्रिकेटचा सामनाही नाही. मी दोन दिवस खुर्चीत मागेपुढे झुलत विचार केला आणि मग ते वीस रुपये आठवले. कुणीतरी महिन्यातून एकदा निवांत बसून खोटे फॉर्म भरत होतं. आता देवळ्यात फॉर्मचे पैसे कुणाला मिळतात?

निफाड, चांदवड, येवला या तालुक्यांच्या फायली त्याच फोल्डरमध्ये होत्या. त्या मी उघडल्या नाहीत. चोर सापडल्यावर पुढं कोण शोधत बसतो? मी झकास आलेख काढला, चार उंच दांडे लाल केले आणि जीवनरावांना पाठवून दिला. स्नेहा मॅडम म्हणाल्या, एकदा त्या माणसाशी बोलून तर बघा. मी म्हटलं, मॅडम, मी स्वतः देवळा तालुक्यातला आहे, ही माणसं मला तळहातासारखी माहीत आहेत.

त्या तळहाताबद्दल इथंच सांगून टाकतो. माझी आई गावाला धाकट्या भावाकडे असते, शेतात जाते. महिन्या-महिन्याला तिचा मिस्ड कॉल येतो आणि मी उलटा फोन करतो. दहा मिनिटं बोलतो, त्यातली आठ माझ्याच कामाबद्दल. मधले एकोणतीस दिवस मी कामात असतो. तिचा मिस्ड कॉल नेमका कधी येतो, हे बघावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी जीवनरावांनी मला विंचूरला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप घेऊन एस.टी.नं गेलो. शेडमध्ये टेबलाच्या एका बाजूला जीवनराव, दुसऱ्या बाजूला सहादूभाऊ. त्यांनी मोटारसायकलची चावी आधीच काढून टेबलावर ठेवली होती. जीवनरावांचा चेहरा उतरलेला होता. सहादू अकरा वर्षं त्यांच्याकडे होता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. खरं काय ते कळल्याशिवाय ठेवता येणार नाही आणि खोटं असेल तर आजच हिशेब करून मोकळा करतो, असं ते म्हणाले. बुकिंग मार्चात सुरू होणार होतं, त्यामुळे फॉर्म खरे की खोटे हे सांगणारा या घडीला जगात मी एकटाच होतो. मला ते आवडलं होतं, हे कबूल करतो.

मी आलेख दाखवला. लाल दांड्यांवर पेन ठेवून बोललो. सहादूभाऊंनी ऐकून घेतलं. नंतर ते म्हणाले, खाली बारीक अक्षरात तारखा आहेत त्या आपल्याला दिसत नाहीत, वाचून दाखवा. मी न्यायाधीशाच्या आवाजात वाचल्या. वीस नोव्हेंबर. एकोणीस डिसेंबर. अठरा जानेवारी. सतरा फेब्रुवारी.

सहादूभाऊंनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमची आई गावाला असती ना?"

मी जरा तोऱ्यातच म्हटलं, असते, त्याचा इथं काय संबंध.

"तुमच्या फोनात बघा बरं, तिच्याशी कधी कधी बोलले ते."

मला हसू आलं. गडी विषय बदलतोय असं वाटलं. पण जीवनराव बघत होते म्हणून मी फोन काढला, आईच्या नावावर बोट ठेवलं आणि जुने कॉल उघडले. सतरा फेब्रुवारी. अठरा जानेवारी. एकोणीस डिसेंबर. वीस नोव्हेंबर. दुसरी एकही तारीख नव्हती.

शेडमध्ये मागं कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तो आवाज मला एकदम फार मोठा वाटायला लागला. 'काही संबंध नाही' म्हणून फोन खिशात टाकता आला असता. खोटं कशाला सांगू, तोंड त्यासाठीच उघडलं होतं. व्हिजिटिंग कार्ड, सोळा वर्षं, दीड पानी मेल, सगळं त्या उघड्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात टेबलावरच्या चावीकडे लक्ष गेलं. तिला जांभळ्या दोऱ्यात ओवलेलं, बैलाच्या गळ्यात असतं तसं एक घुंगरू होतं.

"जीवनराव, माझं चुकलं," मी म्हटलं. "या सगळ्या अमावास्या आहेत."

आमच्याकडे अमावास्येला औत जुंपत नाहीत. आता बैल जाऊन ट्रॅक्टर आले, तरी तो दिवस पाळतात. मजूर येत नाहीत, लावणी नाही, फवारणी नाही. अख्खं गाव घरी असतं आणि जेवणं झाली की हातात मोबाइल. ज्याला यंत्र घ्यायचंय तो त्या दिवशी निवांत बसून फॉर्म भरणार, दुसऱ्या कधी भरणार? मी अशाच गावात वाढलो. वडील घरी सापडायचे ते त्याच दिवशी. हे सगळं मी विसरून गेलो होतो आणि विसरल्याचं मला कळलंही नव्हतं.

जीवनराव उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि ग्रीस लागलेल्या बोटानं पानं मागं उलटली. जानेवारीच्या अठरा तारखेवर काळा गोळा, सतरा फेब्रुवारीवर काळा गोळा. अगदी असंच कॅलेंडर आमच्या ऑफिसात माझ्या खुर्चीच्या मागं टांगलेलं आहे. त्यावर लिहायचीसुद्धा परवानगी आहे. आम्ही त्यावर चहावाल्याचे कप मांडतो. मी तिथंच बाकीच्या तालुक्यांच्या फायली उघडल्या. निफाड, चांदवड, येवला, सगळीकडे त्याच दिवशी आकडा वर चढलेला.

जीवनरावांनी चावी सहादूभाऊंच्या हातात दिली आणि त्यांचा हात थोडा वेळ धरून ठेवला. माझ्याकडे वळून त्यांनी पुढच्या अमावास्येला जाहिरात जास्त दाखवता येईल का, एवढंच विचारलं. म्हणजे माझ्या शोधाचा उपयोग झाला, फक्त उलट्या बाजूनं. मॅडमना मी स्वतः सांगेन, असं मी त्यांना म्हटलं. सांगितलंही. त्या हसल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

स्टँडवर सोडायला सहादूभाऊच आले. मी मागं लॅपटॉप पोटाशी धरून बसलो होतो. दोनदा माफी मागितली. पहिल्यांदा वाऱ्यात ऐकू गेली नसावी, दुसऱ्यांदा त्यांनी नुसती मान हलवली. स्टँडवर उतरल्यावर मी विचारलं, की माझ्या आईच्या फोनाचं त्यांना कसं ठाऊक.

त्यांनी गाडी बंद केली.

"चंद्रभागाबाई ना? पहिल्या आवशेला त्यांचा फॉर्म आला. म्या फोन केला, म्हटलं मावशी, यंत्र कधी पायजे? तर म्हणे, मला यंत्र नको बाबा. ही जाहिरात माझ्या पोराची हाय. कोणी बटण दाबलं नाय तर त्याला हापिसात बोलतील. म्हणून दाबती. आवशेला त्याच्याशी बोलणं झालं का लगेच भरून टाकती, म्हणजे इसरायला होत नाय."

"चारही वेळा?"

"चारही. तेवढे चार म्या वीस रुपयांत धरले नाय. खोटे होते ना ते."

हे त्यांनी मघाशी जीवनरावांसमोर का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनी गाडीला किक मारली आणि गेले.

म्हणजे त्या सगळ्या फायलींत खोटे फॉर्म खरंच होते. चार होते, चारही माझ्या घरातून आलेले, आणि नावं झाकलेली असल्यानं तेवढेच मला दिसले नव्हते. नाशिकची गाडी लागली होती, पण मी चढलो नाही. बाकड्यावर बसलो आणि आईला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग तिनं उचलला. मागं बायकांचा गलका होता, ती वावरात होती आणि तिला धाप लागली होती.

"काय झालं रे?" ती म्हणाली. "आज तर आवस नाय. बरा हायस ना तू?"