तांब्यावरचे बुडबुडे

जस्ताचा तुकडा सौम्य आम्लात पडून चार मिनिटं झाली, तरी त्याच्यावर मोजून तीन बुडबुडे होते. तेही चिकटून बसलेले.

"बेबीनंदाबाई," सर्जेराव सरांनी परीक्षानळी उजेडात धरली, "पाण्यात ॲसिड घातलंत, का नुसतं पाणीच भरलंत?"

नववीचा वर्ग हसला. बेबीनंदा दाराशी उभी होती. भोकरदनच्या या शाळेत प्रयोगशाळेची परिचर म्हणून ती १९८१ पासून, म्हणजे तेरा वर्षं, नळ्या धूत होती. तिची स्वतःची शाळा नववीत सुटलेली. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म ती दर वर्षी भरायचं ठरवायची. मग ज्या मुलांच्या नळ्या आपण धुतो त्यांच्याच शेजारी परीक्षेला बसायचं, या विचारानं मुदत टळू द्यायची. यंदाची मुदत शनिवारी संपत होती.

"ॲसिड बराबर हाय, सर. ह्या खेपेला जस्तच लई चोख आलंय. चोख जस्त जल्दी हलत न्हाई."

"मग काय, विनंती करायची त्याला?"

ती पुढे आली. खिडकीतल्या डबीतली तांब्याची तार तिनं नळीत सोडून जस्ताला टेकवली. टेकताक्षणी तारेवर बारीक बुडबुड्यांची दाटी झाली आणि ते एकामागून एक वर निघाले. सरांनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला, थोड्या वेळानं काढून जळती काडी जवळ नेली. टप् असा आवाज झाला. हायड्रोजन.

"मावशी, म्हंजी तांबं विरघळून राह्यलं?" पहिल्या बाकावरच्या कौसल्यानं विचारलं.

"न्हाई गं. सहा वर्षं हीच तार हाय. नळी धुताना चुकून आत पडल्ती, तवा कळलं. झिजतं ते जस्त. बुडबुडे तेवढे तांब्यावर."

"पण असं का?"

बेबीनंदा नळीकडे बघत राहिली. दर वेळी ती अशीच श्वास रोखून बघायची. जस्त इकडे झिजत होतं, वायू तिकडे निघत होता. मधून काहीतरी वाहत होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

"मला न्हाई ठाऊक. सर, का हो?"

सरांच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "नीट समजायचं तर अकरावीचं पुस्तक लागेल."

"मंग आधी धावी लागंल." तिनं ओले हात पदराला पुसले. सगळा वर्ग ऐकत होता. "सतरा नंबरचा फॉर्म द्या, सर. औंदा मी बसणार."