नरसिंहाचा जबडा

आसामातल्या माजुली बेटावरच्या त्या नामघरासमोर, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरासमोर, मुंगी शिरायलाही जागा नव्हती. अख्खा गाव खांबावर टांगलेल्या नरसिंहाच्या मुखवट्याला हात जोडून उभा होता. खाली गावचा बेज, म्हणजे मांत्रिक, डंबरू मांडी ठोकून बसलेला. मंत्रानं ताप उतरवण्याचा त्याचा धंदा. उतरला तर मंत्राचा गुण, माणूस मेला तर चेटकिणीचा दोष!

"देवा, ही तापाची साथ चेटकिणीनं आणली?" त्यानं विचारलं.

मुखवट्याचा जबडा उघडला. बायका किंचाळल्या.

"ती भादोईच ना?"

जबडा पुन्हा उघडला. विधवा भादोई मटकन खाली बसली. चौघे काठ्या घेऊन आले.

तरुलता गर्दी रेटत पुढे झाली. नाटकांचे मुखवटे करणारी ही बाई. गेल्या साली तिचा नवरा गजेन तापानं फणफणला, तेव्हा याच बेजनं दवाखान्याला निघालेली नाव परतवून त्याला धुरीत कोंडलं होतं. गजेन गेला. तेव्हापासून ती डूख धरून होती.

मुखवटा तिच्याच हातचा होता. जबडा हलायचा तो आतल्या नटाच्या हनुवटीनं. खांबाला हनुवटी कुठली? तिनं निरखून पाहिलं. खांबाच्या बांबूच्याच रंगाचा मुगा रेशमाचा धागा जबड्यापासून बेजच्या मांडीखाली गेला होता.

"बेजबाबा, मलाही एक विचारायचंय."

"बायकांनी जवळ यायचं नाही!"

"विचारू दे की! देव काय तुझ्या एकट्याचा?" गर्दी ओरडली.

खांबाला टेकून तिनं मागून धागा पकडला. "देवा, माझ्या गजेनला या डंबरूनं मारलं?"

नरसिंहानं आ वासला.

"हाणा त्याला!" काठ्या फिरल्या. पहिली पाठीत बसेपर्यंत तरुलता गप्प राहिली. तिला जराही वाईट वाटलं नाही.

"अरे, देव नाही बोलला!" बेज बोंबलला. "तिनं धागा ओढलाय! धाग्यानं हलतो तो!"

"ऐकलंत?" तिनं धागा सगळ्यांसमोर धरला. "मघाशी यानं ओढला तर भादोईवर उठलात, आता मी ओढला तर याच्यावर. डोकी कुठे गहाण ठेवलीत? संत शंकरदेवांनी मुखवटे दिले ते गोष्ट सांगायला, निवाडे करायला नव्हे. नामघरात मूर्ती न ठेवता पोथी ठेवली ती कशाला? विचार करा, ताप आला तर डॉक्टर गाठा."

काठ्या खाली आल्या. दोघी जणींनी भादोईला उठवलं. बेज तरुलताच्या पायांशी लोळला. "वाचवलंस गं, बाई!"

"वाचवलं नाही," ती म्हणाली. "मी कळवलंय, पोलीस येताहेत. कोर्टात गजेनचं नाव घेतील, तेव्हा उभं राहायला तू धडधाकट हवास."