आधी शेजार, मग घर

साल १९३६. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत मेहकरात एक तरी घर विकलं गेलं नाही, तर मला नवऱ्यासकट माहेरी, दुसरबीडला जाऊन राहावं लागणार होतं.

आमचे हे, म्हणजे शेषराव, घरा-जागांची दलाली करत. नुकतीच सुरू केली होती. माझ्या वडिलांना, रामरावांना, तो धंदाच वाटत नसे. "जावईबापू," ते म्हणाले, "लोकाइच्या लग्नात करवली म्हणून किती दिवस मिरवता? आखाजीपर्यंत पाहा. नाही जमलं तं या, माह्या वावराचा कारभार सांभाळा." हे मान डोलावून आले. धाकट्या भावजयीचा निरोप लगेच आला, "वन्सं, तुमच्या दळणासाठी जात्याले टाकी लावून ठेवली." माहेर दोन दिवसांचं गोड असतं, हे मला सतराव्या वर्षीच कळलं.

विकायला घर होतं एकच. एका म्हाताऱ्या मास्तरांचं, अमरावतीला मुलाकडे गेलेल्या. घर चांगलं, विहीर गोड. पण शेजारी होत्या वच्छलाकाकू. मास्तरांच्या मोकळ्या अंगणात त्या आपले पापड वाळत घालत, बकरी बांधत. गिऱ्हाईक आलं की भिंतीवरून डोकं काढत आणि माणूस पाहून खोट सांगत. लेकुरवाळ्याला म्हणत, "हे विहीर लेकरू मागते." नव्या जोडप्याला म्हणत, "या घरात पोरीच होतात." एका म्हाताऱ्याला तर त्यांनी विंचू मोजून दाखवले, भिंतीतल्या बिळांवर बोट ठेवून.

"घराले गिऱ्हाईक भेटते," हे एकदा जेवताना वैतागून म्हणाले, "पण या शेजाराचं काय करू?"

"अन् काकूले तरी कुठं शेजार निवडाले भेटते?" मी सहज बोलले.

ह्यांनी तसाच हात धुतला, टोपी घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी असा काही आवाज झाला की मागच्या गल्लीत, आमच्या घरी, माझ्या हातातलं पीठ सांडलं. धावत गेले तर मास्तरांच्या अंगणात बँडवाला पुंजाजी पितळी बाजा फुंकत होता. काकूंची बकरी दावं तोडून पसार.

"शेषराव, हे काऊन आणलं बे इथं?"

"पुंजाजी तालमीले जागा पाहून राह्यले, काकू. लगीनसराईपुरतं. फक्त सकाळ-संध्याकाळ."

"आवाज चांगला घुमते," पुंजाजी म्हणाला.

तो जागा शोधत होता, हे खरंच होतं. ही जागा त्याला परवडणारी नव्हती, एवढंच ह्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात बुलढाण्याहून बदलून आलेले कारकून पंजाबराव घर पाहायला आले. सोबत बायको शालूबाई, म्हणून मीही गेले. काकू भिंतीवर तयारच होत्या.

"या बाई, या! असं घर बुलढाण्यात भेटाचं नाही. पाणी म्हणजे साखर! विंचू नावाले नाही. अन् या घरात पोरगाच होते!"

"मले चार हायेत, मावशी," शालूबाई म्हणाल्या. मग नवऱ्याच्या कानाशी लागल्या, पण आम्हाला ऐकू आलंच. "शेजारीण इतकी तारीफ करते म्हणजे घरात नक्की काहीतरी हाय. चला."

पंजाबरावांनी वहाणा चढवल्या. ह्यांचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांपुढे ते टाकी लावलेलं जातं आलं.

"राहू द्या, काकू," मी मोठ्यानं म्हणाले. "पुंजाजीलेच निरोप धाडतो आम्ही."

"थांब वं पोरी!" काकू अर्ध्या भिंतीवर चढल्या. "खोट हाय घरात. एकच. मी! माह्या पापडापायी अन् बकरीपायी पळवले म्या सारे. आता बोला."

शालूबाई वळल्या. काकूंकडे पाहत राहिल्या. "पापड कशाचे करता?"

"ज्वारीचे."

"मंग घाला इथंच वाळू. राखण माही, म्हून अर्धे माहे."

"अर्धे? चवथा हिस्सा घे!"

"तिसरा. अन् बकरी तुमच्या अंगणात."

हे हळूच मला म्हणाले, "गिऱ्हाईक पापडावर भांडाले लागलं म्हणजे घर इकलं."

आखाजीला शालूबाईंनी त्या घरात दूध उतू घातलं. तेव्हापासून ह्यांनी रीतच पाडली. घर दाखवायच्या आधी शेजार दाखवायचा, आणि शेजाऱ्याला गिऱ्हाईक. पुढे चाळीस वर्षं मेहकरात त्यांच्याशिवाय भिंत हलली नाही, असं लोक म्हणत.

वच्छलाकाकू मरेपर्यंत ह्यांना नवी गिऱ्हाइकं पारखून देत. त्यांच्या मागे शालूबाई एकट्याच पापड करायच्या आणि तिसरा हिस्सा काकूंच्या सुनेकडे पोचवायच्या. पंजाबराव पेन्शनीत निघाले ते त्याच अंगणात बाज टाकून बसले. पुंजाजीला ह्यांनी गावाबाहेर, तेलघाण्याच्या पलीकडे जागा मिळवून दिली. शेजारचा तेली बहिरा होता. वडिलांनी म्हातारपणी मेहकरात घर घेतलं, जावयाकडूनच. ह्यांनी त्यांनाही दलाली सोडली नाही.

आम्ही स्वतः मात्र जन्मभर भाड्याच्या घरात. ह्यांना एखादं घर आवडलं की तेच गिऱ्हाइकालाही आवडे. हे गेले तेही तिथूनच. मी अजून तिथंच आहे, शेजार चांगला आहे म्हणून.

दुसरबीडला मी पुढं पुष्कळदा गेले. दोन दिवसांसाठी.