टोचती असंच लिव

कुरिअरवाला गेवराईहून येतो आन चकलांब्याच्या फाट्यावर गाडी उभी करून फोन करतो, "या घ्यायला." दारापर्यंत आला तर जसं काय ह्याचं पेट्रोल सांडतं. त्या दिवशी मात्र थेट आमच्या दारात आला. हातातलं पार्सल मी लांबूनच वळखलं, वरची सुतळी माझीच होती.

"वापस आलंय, ताई. सही करा."

आत घोंगडी होती, माझ्या सासऱ्यानं, म्हाळूआबानं, इणलेली. हातानं केलेल्या वस्तू इकायचं एक दुकान हाय फोनवर, तिथं मी आमच्या घोंगड्या टाकते. आमची पहिलीच ऑर्डर होती ती. नाशिकच्या कुणी वनमालाबाईंनी मागवली आन परत धाडली. वर एकच तारा देऊन खाली लिवलंतं, 'मऊ म्हणून घेतली. अंगाला टोचते. मेंढराचा वास येतो. फोटोत निळसर दिसत होती, आली ती काळी.'

माझं डोकंच फिरलं. मेंढराच्या लोकरीला मेंढराचा न्हाई तर काय मोगऱ्याचा वास येणार व्हय? नाशकात मेंढरं न्हाईत का काय!

खरं तर राग बाईचा न्हवता, भ्या होतं. आमच्या अंगणात मागाचा खड्डा हाय. आबा त्यात पाय सोडून बसतात, खाली पायानं पावड्या दाबतात, वर घोंगडी वाढत जाती. पण बाजारात गिरणीचं ब्लँकेट आल्यापासून घोंगडीला कुणी इचारीना. तवापासून आमच्या ह्यांनी, परमेश्वरानं, एकच धरलंय, खड्डा बुजवायचा, वर फरशी टाकायची आन तिथं टेम्पो लावायचा. आबांचे गुडघे गेले, ह्यांना इणायचं न्हाई, मंग खड्डा कशाला? मी लई भांडले. शेवटी असं ठरलं, की ही घोंगडी फोनवर खपली तर खड्डा ऱ्हाईल. परत आली तर मुरूम.

"सोमनाथला फोन लावतो," हे म्हणले. "सकाळी ट्रॉलीभर मुरूम टाकून जाईल."

"लावा की! कुणी हात धरलाय का तुमचा?" मी म्हणलं आन हातातली चरवी आपटली. चरवीचा काय गुन्हा, पण आपटली.

आबा वसरीत बसलते. "काय लिवलंय त्या बाईनं? वाच पुन्हा," म्हणले.

मला वाचवंना. म्हाताऱ्याच्या जिवाला लागंल असं वाटलं. दबकत दबकत वाचलं, तर आबा हसायला लागले, पार ठसका लागेपर्यंत.

"खरं लिवलंय की! टोचती म्हणून तर घोंगडी हाय ती. न टोचायला ती काय गादीची खोळ हाय? तू काय लिवलंतंस?"

मी वाचलं. 'अतिशय मऊ, मुलायम घोंगडी. आकर्षक रंगात.'

आबांचं हसू थांबलं. "ही कुणाची म्हणायची?" त्यांनी इचारलं. "माझी तर न्हाई."

दुसऱ्या दुकानांतल्या वस्तू बघून बघून मी लिवलतं. तिथं सगळंच मऊ, सगळंच मुलायम. फोटो काढताना घोंगडीवर प्लास्टिकची फुलं ठिवलती, रंग बी फोनमधूनच उजळ केलता. एवढं सजवलं की आमची घोंगडी त्यात कुठं ऱ्हाईलीच न्हाई.

सगळं पुसून टाकलं. म्हणलं, मुरूम यायचा तर येऊ दे. तवर मी खरं काय ते लिवून टाकते.

घोंगडी भिंतीवर उन्हात टांगली आन जवळून फोटो काढला, लोकरीचा बारीक केस दिसंल असा. आबा हातानं लांबी मोजतात, पण नाशिकच्या बाईला आबांचा हात कसा ठाव असणार? म्हणून टेपानं फुटात मोजली. वर माझ्या सासूला, दगडाबाईआत्याला, निजवून आणखी एक फोटो काढला, मंजी माणूस किती मावतं ते कळंल. आत्या निजल्या निजल्या पदर सावरीत म्हणाल्या, "मी जिती हाय म्हणून बी लिव, न्हाईतर लोक हळहळतील."

मंग लिवायला बसले. रंग दिलेला न्हाई, काळ्या मेंढराचा हाय तोच रंग. मधी तांबूस रेघ हाय, ती बी मेंढराचीच. सुताला चिंचोक्याची खळ. वास येतो, उन्हात टाकत गेलं की जातो. मशीनमधी धुवायची न्हाई.

आत्या शेजारी सूत कातीत होत्या. "साप जवळ येत न्हाई, लिव."

"तुमी बघितलंय?"

"माझी सासू म्हणायची."

"मंग न्हाई लिवत."

"बरं, कंबरदुखी जाती म्हणून लिव."

"तुमची गेली का?"

आत्यांनी नुसती कंबर दाबली. मंग म्हणल्या, "पाणी धरती. हे तर म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. भर पावसात तुझ्या सासऱ्यानं डोक्यावरनं घोंगडीची खोळ घेऊन मेंढरं राखली, आन आत धोतर कोरडं."

आमचे हे फस्सकन हसले. "कापडात पाणी ऱ्हातं व्हय, माय? कावून तिला काईबी लिवायला सांगती?"

"मी बी न बघता लिवणार न्हाई," मी म्हणलं.

आबा उठले. "घागर आण, पोरी. आन तू रं, लई शाना हायेस ना? खड्ड्यात उतर. खाली बस."

माग रिकामाच होता. खड्ड्याच्या चारी अंगाच्या खुंट्यांना घोंगडीची टोकं बांधली, मधी झोळ पडंल अशी सैल. हे टेम्पो बघायला गेवराईला निघालते, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. तसेच खाली शिरले आन आतून वरडले, "भिजलो तर मुरूम आजच!"

"हळू, कडंनं सोड," आत्या म्हणल्या.

मी एका हातात फोन धरला आन आत्यांच्या आधारानं घागर वाकवली. पाण्याचे मोती झाले आन घोंगडीवरून पळत मधी गेले. आता बदाबदा गळणार आन ह्यांच्या शिव्या ऐकू येणार, म्हणून मी डोळे बारीक केले. गळलं न्हाई. आणखी वतलं. आख्खी घागर रिकामी झाली, आन पाणी आपलं घोंगडीत हुभं! त्यात आमचा लिंब दिसत होता, वरचं आभाळ दिसत होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. लग्न होऊन ह्या घरात आले तवापासून ह्याच घोंगड्यांवर निजले, बसले, डाळी वाळवल्या. आन हे काय बघत होते मी! गवत खाणाऱ्या मुक्या जनावराचा केस, माझ्या सासूच्या चिमटीतून निघालेलं सूत, आन त्यानं पाणी तोलून धरलंतं.

मी खाली हाक मारली.

"अहो?"

वाकून बघितलं. हे तोंड वर करून बसलते. कोकराच्या पोटाखाली हात धरतात तसा घोंगडीखाली तळवा धरलता. सदरा कोरडा.

"थेंब न्हाई," हे म्हणले, कुणी झोपलंय असं हळू. "शिवकन्ये, एक थेंब न्हाई. वर तळं हाय आन मी खाली कोरडा हाय."

आईबापापुढं ह्यांनी माझं नाव कधी घेतलं न्हवतं. आत्यांनी ऐकलं आन न ऐकल्यासारखं केलं.

ते सगळं मी फोनमधी धरलं. कापलं न्हाई, गाणं लावलं न्हाई. दुकानावर टाकलं आन सगळ्यात वर लिवलं, 'ही घोंगडी टोचते.' मंग बाकीचं.

मुरूम सांगून ठिवलता, तो नको म्हणून ह्यांनी सोमनाथला फोन काही केला न्हाई. मी बी इचारलं न्हाई. नुसतं पाणी धरलं म्हणून खड्डा ऱ्हातो व्हय? खपायला पाहिजे होती.

सकाळी चहा उकळत होता आन फोनवर मेसेज आला. वनमालाबाईच! मी चुलीपासूनच मोठ्यानं वाचलं, "मऊ हवी होती म्हणून मी परत पाठवली. व्हिडिओ घरातल्या सगळ्यांना दाखवला. आता मला हीच हवी आहे. टोचू दे."

"बया!" आत्यांच्या हातातलं सूत तुटलं.

आबा म्हणले, "ही न्हाई द्यायची. वापरली, भिजवली. तिला नवी इणून देतो, थोडं थांब म्हणावं." आन काठी टेकीत खड्ड्याकडं निघाले. कडंला बसले, एक पाय आत सोडला. दुसरा गुडघा काही वाकंना. हातानं दाबून बघितला, तरी वाकंना. तसेच बसून ऱ्हाईले, एक पाय आत, एक भाईर. मला बघवंना.

तेवढ्यात ट्रॅक्टर धडधडत दारात आला. सोमनाथ वरूनच वरडला, "परम्या, कुठं वतू बे?"

आबांनी मान वर केली न्हाई. आत्या ह्यांच्याकडं बघायला लागल्या, मी बी.

"वाटंवर वत," हे म्हणले. "तिथं लई गाराचिखल हाय."

"आरं, खड्डा बुजवायचा म्हणलतास ना?"

"वाटंवर वत म्हणलं ना तुला!"

मंग ह्यांनी चपला काढल्या. आबांना काखेत धरून कडंला नीट बसवलं आन सोता खड्ड्यात उतरले. खड्ड्याच्या सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवला.

"आबा," हे म्हणले, मान खालीच, "पाय कुठं ठिवायचे?"